नळाला परवाना, भिंतीला विश्वास

महाराष्ट्रातील खासगी घरबांधणीशी संबंधित असलेल्या माणसांची कायद्याच्या दृष्टीने मोजदाद केली, तर असे आढळते की घर प्रत्यक्ष उभे करणारा एक गृहस्थ सोडून बाकी सर्वांची नोंद शासनाच्या कोणत्या ना कोणत्या वहीत झालेली असते. नकाशा काढणारा वास्तुविशारद १९७२ च्या वास्तुविशारद अधिनियमाखाली परिषदेकडे नोंदलेला असतो. खांब किती जाडीचा असावा आणि त्यात सळई किती घालावी, हे ठरवणाऱ्या संरचना अभियंत्याचे नाव नियोजन प्राधिकरणाच्या, म्हणजे परवानगी देणाऱ्या महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या, यादीत असते. विजेची जोडणी करणाऱ्या ठेकेदाराला ऊर्जा विभागाचा परवाना लागतो आणि त्याच्या हाताखालील तारतंत्र्यालाही, म्हणजे ज्याला सगळे वायरमन म्हणतात त्यालाही, स्वतंत्र परवाना लागतो. पाण्याची जोडणी परवानाधारक प्लंबरच्या सहीवाचून मिळत नाही. पुढे तयार सदनिका गिऱ्हाइकाला दाखवून ‘इथे सकाळचे ऊन छान येते’ एवढे सांगणारा दलालसुद्धा स्थावर संपदा कायद्याखाली नोंदणी करतो, आणि २०२३ पासून महारेराने, म्हणजे त्या कायद्याखालील राज्याच्या प्राधिकरणाने, त्याच्यासाठी प्रशिक्षण व परीक्षाही लावली आहे. म्हणजे नळ गळू नये, दिवा विझू नये आणि दलाल चुकीचे बोलू नये, याची तजवीज कायद्याने केलेली आहे; छप्पर डोक्यावर पडू नये हे मात्र ज्याच्या हातांवर अवलंबून असते, त्या खासगी कंत्राटदाराला ‘तुला बांधता येते काय?’ असे कोणीही लेखी विचारत नाही.

येथे कंत्राटदार म्हणजे कोण, याचा थोडा खुलासा करणे इष्ट ठरेल, कारण मोठमोठे पूल आणि महामार्ग बांधणाऱ्या कंपन्या या विवेचनाचा विषय नाहीत. तालुक्याच्या गावी किंवा शहराच्या वाढत्या कडेला दोन-तीन मजल्यांची घरे चौरस फुटाच्या दराने बांधून देणारा, स्वतःच्या नावावर धंदा करणारा माणूस हा येथील नायक होय. त्याचा उगम बहुधा गवंड्यात असतो. गवंड्याचा मेस्त्री होतो, मेस्त्रीच्या हाताखाली माणसे जमू लागली की लोक त्याला ठेकेदार म्हणू लागतात, आणि लेटरहेड छापून घेतल्यावर तो ‘गव्हर्न्मेंट अँड प्रायव्हेट कॉन्ट्रॅक्टर’ होतो. या चढत्या श्रेणीत सरकारी अधिकाऱ्यापेक्षा छापखान्याचा वाटा मोठा असतो. कमरेचा मोजपट्टा, दोनशे-तीनशे सेंट्रिंगच्या प्लेटा, भ्रमणध्वनीचा क्रमांक रंगवलेला एक मिक्सर, आणि ‘लेबर रेट’ की ‘विथ मटेरियल’ या प्रश्नाचे तत्काळ उत्तर देण्याची तयारी, ही त्याची पात्रता असते. लेबर रेटमध्ये सिमेंट, वाळू, सळई मालकाने आणायची असते आणि विथ मटेरियलमध्ये कंत्राटदाराने. पहिल्या प्रकारात मालाची नासाडी जास्त होते आणि दुसऱ्यात मालाची काटकसर जास्त होते, एवढाच दोहोंतील व्यावहारिक भेद अनुभवी मालक सांगतात.

परवानगीची सारी यंत्रणा घराभोवती रचलेली आहे, बांधणाऱ्याभोवती नाही, हे या विसंगतीचे मूळ होय. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये अर्ज मालक करतो, नकाशे तांत्रिक व्यक्ती सादर करते आणि प्राधिकरण ‘प्रारंभ प्रमाणपत्र’ देते. पाया जमिनीच्या वर आला की ‘जोते तपासणी’ होते, आणि काम पूर्ण झाल्यावर ‘भोगवटा प्रमाणपत्र’, म्हणजे आता या घरात राहण्यास हरकत नाही असा दाखला, मिळणे अपेक्षित असते. साठ दिवसांत अर्जावर निर्णय कळवला नाही, तर परवानगी मिळाली असे मानावे, अशीही तरतूद या कायद्यात आहे. परंतु ज्या अर्जाचा निर्णय साठ दिवसांत होणार नाही, त्यात एकोणसाठाव्या दिवशी एखादी त्रुटी सापडावी, हा प्रशासनाचा नियम कोणत्याही कायद्यात न लिहिताही सर्वत्र पाळला जातो. या सगळ्या प्रवासात कंत्राटदाराला एकच शासकीय प्रश्न पडतो, तो म्हणजे ‘काम कधी चालू करू?’ आणि त्याचे उत्तर प्राधिकरण नव्हे, पंचांग देते. भूमिपूजनाचा मुहूर्त प्रारंभ प्रमाणपत्राची वाट पाहत नाही. उलट मुहूर्तावर पहिली कुदळ पडली की पुढचे कागद यथावकाश येतील, अशी दोन्ही पक्षांची श्रद्धा असते.

मुंबईत या श्रद्धेला अधिक खोल तात्त्विक बैठक लाभली आहे. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाची रचना अशी की, बांधकामाची सूचना मिळाल्यावर आयुक्तांनी ठरावीक मुदतीत आपली नापसंती लेखी कळवायची, आणि ती न कळवली गेल्यास अर्जदाराने काम सुरू करायचे. या रचनेत मौन हीच संमती असल्यामुळे, अटी घालायच्या असतील तर त्या घालण्यासाठी आधी नापसंत करणे भाग पडते. परिणामी मुंबईत ज्या कागदाची मालक महिनोन्‌महिने वाट पाहतो, जो हाती येताच पेढे वाटतो आणि ज्याला सगळे ‘आयओडी’ म्हणतात, तो कागद वस्तुतः आयुक्तांच्या नापसंतीची सूचना असतो. तीत अमुक अटींची पूर्तता केली तर नापसंती मागे घेतली जाईल, असे सांगितलेले असते. नकार मिळाल्याबद्दल आनंद साजरा करणारी ही जगातील एकमेव नगरी असावी असे म्हणण्याचा मोह होतो, परंतु विवाह जुळवण्याच्या प्रथांचा विचार करता तो आवरणेच योग्य.

राज्याच्या उर्वरित बहुतेक भागांसाठी डिसेंबर २०२० मध्ये एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. वेगवेगळ्या शहरांचे वेगवेगळे नियम एका पुस्तकात आणावेत, लहान भूखंडांवरील कमी जोखमीच्या घरांची परवानगी सोपी व्हावी, हा तिचा हेतू स्तुत्य आहे. तांत्रिक व्यक्तींची पात्रता तिच्यात सविस्तर दिली आहे आणि त्यांत ‘पर्यवेक्षक’ नावाचा एक अधिकृत वर्गही आहे. पर्यवेक्षकाने काय शिकलेले असावे, किती वर्षे काम केलेले असावे, कोणत्या आकाराच्या इमारतीवर त्याने देखरेख करावी, हे सारे ठरलेले आहे. तो ज्याच्यावर देखरेख करतो, त्याच्याविषयी मात्र शैक्षणिक अपेक्षा नाही. एकाने पाहणे आणि दुसऱ्याने करणे, या श्रमविभागणीत पाहणाऱ्याची परीक्षा घ्यायची, ही परंपरा केवळ बांधकामापुरती मर्यादित नाही, हे न्यायासाठी नमूद केले पाहिजे.

कायद्याला कंत्राटदार अजिबातच दिसत नाही, असे म्हटल्यास मात्र आयकर खात्यावर अन्याय होईल. त्या खात्याला तो चांगला दिसतो. कंत्राटाचे पैसे देताना वैयक्तिक कंत्राटदाराकडून एक टक्का कर मुळातच कापून घ्यावा, अशी व्यवस्था त्याने बऱ्याच प्रकारच्या देणाऱ्यांवर सोपवली आहे. कामगार कायद्यांनाही तो दिसतो, परंतु एका विशिष्ट आकड्यानंतरच. इमारत व इतर बांधकाम कामगारांविषयीच्या १९९६ च्या केंद्रीय कायद्याने दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला नोंदणी सांगितली. कंत्राटी कामगारांविषयीच्या १९७० च्या कायद्याने वीस कामगारांवर कंत्राटदाराला परवाना सांगितला, आणि ती मर्यादा महाराष्ट्राने पुढे पन्नासवर नेली. त्याच १९९६ सालच्या उपकर कायद्यानुसार बांधकाम खर्चावर एक टक्का कामगार उपकर बसत असे, पण स्वतःच्या राहण्यासाठी बांधलेल्या दहा लाखांच्या आतील घराला तो लागत नसे. स्थावर संपदा कायद्यात पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरील किंवा आठ सदनिकांपर्यंतच्या प्रकल्पाला नोंदणीतून सूट आहे.

या आकड्यांचा समाजजीवनावर झालेला परिणाम अभ्यासकांनी अद्याप पुरेसा तपासलेला नाही. राज्यात जेथे जावे तेथे कंत्राटदाराकडे नऊ माणसे असतात. स्लॅब पडण्याच्या दिवशी, म्हणजे छताचे काँक्रीट एका दमात ओतायचे असते त्या दिवशी, साइटवर चाळीस माणसे डोक्यावर घमेली घेऊन धावताना दिसतात, पण त्यांतील नऊ कामगार असतात आणि उरलेले ‘मदतीला आलेले’ असतात. घराचा खर्च नऊ लाख नव्वद हजारांवर येऊन थबकत असे आणि त्यानंतर केवळ रंग, फरशी, खिडक्या, दारे व जिना एवढेच उरत असे. आठ सदनिकांच्या इमारती शेजारी शेजारी उभ्या राहतात, त्यांची एकमेकींशी ओळख नसते, फक्त जिना, टाकी आणि मालक सामाईक असतात. संसदेने २०१९ आणि २०२० मध्ये २९ कामगार कायदे चार संहितांत गुंफले, तेव्हा कागद कमी होतील अशी आशा व्यक्त झाली होती; परंतु आकड्याची एक रेघ पुसून दुसरी ओढली की माणसे तिच्याही अलीकडेच उभी राहतात, एवढे भाकीत करायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

खासगी क्षेत्रातील हा मुक्त जीव शासकीय कामाच्या दारात गेला, म्हणजे चित्र संपूर्ण पालटते. सार्वजनिक बांधकाम विभाग, जिल्हा परिषदा आणि महापालिका आपापल्या कामांसाठी कंत्राटदारांची वर्गवार नोंदणी करतात. वर्ग जितका वरचा, तितक्या मोठ्या रकमेच्या कामाची निविदा भरता येते. नोंदणीसाठी बँकेचा ऐपतदारी दाखला, यंत्रसामग्रीची मालकी, तांत्रिक माणसे, करविषयक नोंदण्या आणि पूर्वी केलेल्या कामांचे दाखले असा संच लागतो. ऐपतदारी दाखला म्हणजे या माणसाजवळ पैसे आहेत असे बँकेने सांगणे; तो मिळवण्यासाठी आधी पैसे असावे लागतात, यात काही चूक नाही. पूर्वानुभवाच्या अटीत मात्र थोडी आध्यात्मिक गुंतागुंत आहे. वरच्या वर्गात जाण्यासाठी मोठे काम केलेले असावे लागते, आणि मोठे काम मिळण्यासाठी वरच्या वर्गात असावे लागते. दहा वर्षे खासगी बंगले बांधलेल्या माणसाला आपला अनुभव सांगता येतो, पण त्या बंगल्यांच्या मालकांनी कार्यपूर्णतेचे दाखले दिलेले नसतात, कारण बहुतेक बंगल्यांत शेवटच्या हप्त्यावरून मालक व कंत्राटदार यांचे बोलणे बंद झालेले असते. यावर ‘जॉइंट व्हेंचर’, म्हणजे अनुभव असलेल्याने नाव द्यावे आणि नसलेल्याने काम करावे, हा तोडगा व्यवहाराने शोधला आहे. यंत्रसामग्रीच्या यादीतील काही मिक्सर आणि रोलर निरनिराळ्या तालुक्यांत एकाच वेळी हजर असतात, ही गोष्ट ज्ञानेश्वरांच्या काळात चमत्कार मानली गेली असती.

नवोदितांसाठी एक वेगळी वाट आहे आणि ती शासनाच्या करुणेची साक्ष देते. ठरावीक रकमेपर्यंतची छोटी कामे सुशिक्षित बेरोजगार अभियंते, मजूर सहकारी संस्था आणि खुले कंत्राटदार यांच्यात वाटून द्यावीत असे धोरण असून, हे वाटप दीर्घकाळ ३३:३३:३४ या प्रमाणात चालत आले. त्यातील पहिल्या गटात नोंदणी करण्यासाठी स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी वा पदविका लागतेच, शिवाय बेकार असणेही लागते; आपण कोठे नोकरीला नाही हे कागदावर सिद्ध करावे लागते. बेकारी ही एरवी लपवण्याची गोष्ट, पण येथे ती अर्हता ठरते, आणि काम मिळाल्यावर बेरोजगार अभियंता म्हणून रोजगार करणारा, दारात चारचाकी उभी असणारा, वीस माणसांना पगार देणारा तरुण आपल्या बेरोजगारीच्या नोंदणीचे नूतनीकरण विसरत नाही. मजूर संस्थांच्या बाबतीत सभासद मजूर असावेत ही अपेक्षा असते. काही संस्थांच्या वार्षिक सभांना जमलेली वाहने पाहिली, तर मजुरीचे दर सरकारी दरसूचीत दाखवतात त्याहून खरोखर बरेच चांगले असले पाहिजेत, असा सुखद निष्कर्ष निघतो.

निविदा भरण्याची पद्धत आता संगणकीय झाली आहे. अंकीय स्वाक्षरी घ्यावी, बयाणा रक्कम, म्हणजे माघार घेणार नाही याची हमी म्हणून आगाऊ ठेव, भरावी, तांत्रिक लिफाफा आणि आर्थिक लिफाफा असे दोन अदृश्य लिफाफे पोर्टलवर चढवावेत, अशी तिची रीत आहे. लहान कामांसाठी ‘बी-१’ हा नमुना रूढ आहे. त्यात सरकारी दरसूचीने काढलेल्या अंदाजपत्रकापेक्षा किती टक्के वर किंवा खाली काम करणार, तेवढेच सांगायचे असते. या नमुन्याला टक्केवारीची निविदा म्हणतात. टक्केवारी या शब्दाला कामाच्या क्षेत्रात आणखी एक अर्थ असल्याचे वर्तमानपत्रांतून वाचायला मिळते, परंतु त्या अर्थाचा कोणताही छापील नमुना उपलब्ध नसल्याने तो येथे विचारात घेतलेला नाही. स्पर्धेच्या भरात कंत्राटदार अंदाजपत्रकाच्या वीस-पंचवीस टक्के ‘बिलो’ जातात. फार खाली गेल्यास जादा सुरक्षा ठेव भरावी लागते, म्हणजे ज्याने कमी पैशांत काम करण्याचे कबूल केले, त्याच्याकडूनच आधी अधिक पैसे घेतले जातात. अधिकाऱ्यांनी शास्त्रशुद्ध काढलेल्या अंदाजाच्या तीनचतुर्थांश रकमेत तेच काम, त्याच दर्जाचे, नफ्यासह कसे होते, असा प्रश्न विचारला तर दोनच उत्तरे संभवतात, आणि दोन्ही ऐकण्याची कोणाची तयारी नसते. पुढे झालेले काम मोजमाप पुस्तिकेत, ज्या पुस्तिकेला सगळे ‘एमबी’ म्हणतात तीत, शाखा अभियंता लिहितो, त्यावरून देयक निघते, आणि निधी आला की पैसे मिळतात. या शेवटच्या उपवाक्यातील ‘की’ काही वेळा दोन-दोन वर्षांची असते. थकीत देयकांसाठी राज्यातील कंत्राटदारांना आंदोलने करावी लागली आहेत, आणि त्या बाबतीत विनोद करण्यासारखे फारसे काही नाही.

वाळूचा उल्लेख केल्यावाचून हा विषय पूर्ण होणे शक्य नाही. वाळू, मुरूम, खडी ही कायद्याच्या भाषेत ‘गौण खनिजे’ असून त्यांच्या उत्खननावर महसूल विभाग स्वामित्वधन आकारतो आणि ते ब्रासच्या मापाने मोजले जाते. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. सरकारी कामाच्या देयकासोबत कंत्राटदाराला स्वामित्वधनाच्या पावत्या जोडाव्या लागतात, अन्यथा ती रक्कम देयकातून कापली जाते. येथे एका खात्याने दुसऱ्या खात्याच्या वतीने वसुली करण्याचे आदर्श सहकार्य दिसते. वाळू रात्री येते आणि पावती दिवसा येते. दोघी एकाच नदीतून आल्या आहेत किंवा नाहीत, हे विचारण्याची पद्धत नाही.

तुलनेसाठी कॅलिफोर्नियाचे उदाहरण उद्बोधक आहे, कारण तेथे परवाना घराला लागतोच, पण माणसालाही लागतो. त्या राज्यात कंत्राटदारांना परवाने देणारे मंडळ १९२९ पासून आहे. परवान्यासाठी साधारणतः चार वर्षांचा अनुभव, कायद्याची व व्यवसायाची परीक्षा आणि हमीरोखा लागतो, आणि २०२५ पासून हजार डॉलरपेक्षा कमी रकमेच्या, मजूर न लावता आणि बांधकाम परवानगी न लागता होणाऱ्या किरकोळ कामांनाच सूट आहे. बिनपरवाना कंत्राटदाराला आपल्या कामाचे पैसे न्यायालयात मागता येत नाहीत, इतकेच नव्हे तर घेतलेले पैसे परत करण्याचाही आदेश त्याच्यावर होऊ शकतो. मंडळाचे तपासनीस खोटे घरमालक बनून घरात बसतात, बिनपरवाना कारागिरांना दर विचारायला बोलावतात आणि दर सांगताच पकडतात. सिलिकॉन व्हॅलीत स्थायिक झालेला मराठी माणूस न्हाणीघराच्या फरशा बदलताना परवान्याचा क्रमांक संकेतस्थळावर पडताळून पाहतो, आणि तोच माणूस सांगलीत आईवडिलांसाठी दोन मजली बंगला बांधताना ‘मामांच्या ओळखीतला आहे’ एवढ्या प्रमाणपत्रावर पंचवीस लाखांचे काम देतो. हे प्रमाणपत्र तसे कमकुवत नसते. काम बिघडले तर मंडळाकडे तक्रार करता येते, तशी मामांकडेही करता येते, आणि मामांच्या घरी लग्नकार्य निघाले की सुनावणीही लवकर होते.

आपल्याकडील खासगी परवानगीत कंत्राटदाराचे नाव येण्याची एक जागा मात्र आहे आणि ती पत्र्याची आहे. मंजूर बांधकामाच्या जागेवर दर्शनी फलक लावून त्यावर मालक, वास्तुविशारद व कंत्राटदार यांची नावे, परवानगीचा क्रमांक व तारीख लिहावी, अशी बांधकाम नियमावल्यांची अपेक्षा असते. रायगडावर जगदीश्वराच्या पायरीवर तो गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचे नाव दगडात कोरलेले आहे आणि ते साडेतीन शतके टिकले. आजचा कंत्राटदार पायरीवर नाव कोरण्याच्या भानगडीत पडत नाही. ‘दोषदायित्व कालावधी’, म्हणजे काम बिघडल्यास स्वखर्चाने दुरुस्त करून देण्याची मुदत, ठाऊक असलेल्या माणसाला नाव पुसता येण्याजोगे असणेच सोयीचे वाटते. फलक बहुधा स्लॅबच्या वेळी आडोशाला लागतो आणि पुढे त्यावर चुना कालवला जातो.

तरीही एका ठिकाणी हा नोंदणीबाह्य माणूस अचानक अधिकारी बनतो. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नाव नोंदवण्यासाठी मजुराला मागील वर्षभरात नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला द्यावा लागतो, आणि तो दाखला देणाऱ्यांत ग्रामसेवकाच्या जोडीला कंत्राटदारही असतो. मुलांची शिष्यवृत्ती, आजारपणातील मदत, अवजारांसाठीचे साहाय्य, हे सारे त्या एका सहीवर अवलंबून असते. ज्याला बांधता येते की नाही हे शासनाने कधी तपासले नाही, त्याचीच सही दुसऱ्याला बांधता येते याचा पुरावा म्हणून शासन स्वीकारते. नोंदणीची मुदत संपत आली की साइटवर मजुरांची रांग लागते, मेस्त्री खिशातून शिक्का काढतो, आणि ज्याच्याकडे कधी नऊहून अधिक माणसे नव्हती, तो संध्याकाळपर्यंत साठ जणांना दाखले देऊन मोकळा होतो.